डब्ल्यूपीएफ ॲपमधला संवाद: साधा इव्हेंट, प्रिझम की मेसेंजर?

डब्ल्यूपीएफ म्हणजे विंडोजची डेस्कटॉप ॲप्स बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क. त्यात एका व्ह्यूमॉडेलनेच (स्क्रीनमागचा डेटा आणि लॉजिक सांभाळणारा क्लास) दुसरं तयार केलं असेल, तर सी-शार्पचा साधा इव्हेंट पुरे. कोण कुणाला कळवतंय हे व्हिज्युअल स्टुडिओत लगेच शोधता येतं. पुढच्या दोन्ही पर्यायांत ही सोय जाते. अडचण अशी की += ने इव्हेंटला हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारी मेथड) जोडल्यावर पाठवणाऱ्याकडे ऐकणाऱ्याचा पक्का रेफरन्स राहतो. समजा, एक टॅब सेटिंग्ज सर्व्हिसचा इव्हेंट ऐकतेय. ही सर्व्हिस ॲप बंद होईपर्यंत जगते. टॅब बंद करताना -= ने हँडलर काढायचं राहून गेलं, तर ती टॅब मेमरीत अडकते आणि तिचा हँडलरही चालत राहतो.

मॉड्यूल एकमेकांना ओळखतच नसतील, तर मधला निरोप्या लागतो: प्रिझम लायब्ररीचा इव्हेंट ॲग्रिगेटर किंवा कम्युनिटी टूलकिट लायब्ररीचा वीक रेफरन्स मेसेंजर. दोन्ही मुळात वीक रेफरन्सच (ऑब्जेक्टला मेमरीत अडकवून न ठेवणारा) ठेवतात, पण दगा वेगवेगळ्या जागी देतात.

प्रिझमच्या सबस्क्राइबला दिलेल्या लॅम्डात (बिननावाच्या मेथडमध्ये) स्थानिक व्हेरिएबल वापरलं, की कंपायलर त्यासाठी वेगळा क्लोजर ऑब्जेक्ट बनवतो. त्याला धरून ठेवणारं दुसरं कुणी नसतं. गार्बेज कलेक्टर (कुणी न धरलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) फिरला की हँडलर गप्प. ना एरर, ना लॉग. थोडा वेळ सगळं नीट चालतं, म्हणून हा बग फार छळतो. लॅम्डाऐवजी क्लासमधली नाव असलेली मेथड द्या.

मेसेंजरमध्ये एकाच ऑब्जेक्टने तोच मेसेज दोनदा रजिस्टर केला, तर थेट एक्सेप्शन येतं. हे सहसा घडतं व्ह्यूच्या लोडेड इव्हेंटमध्ये (व्ह्यू स्क्रीनवर आल्यावर येणारा) रजिस्टर केल्यावर, कारण टॅब कंट्रोलमध्ये टॅब बदलून परत आलं की लोडेड पुन्हा चालतो. प्रिझममध्ये याच चुकीने हँडलर निमूटपणे दोनदा पळतो. एक्सेप्शन परवडलं.

थ्रेडच्या बाबतीत मात्र प्रिझम सरस. तिथे सबस्क्राइब करताना यूआय थ्रेड (स्क्रीन हाताळणारा) मागता येतो, फक्त ॲग्रिगेटर यूआय थ्रेडवरच तयार झालेला हवा. मेसेंजर पाठवणाऱ्याच्याच थ्रेडवर हँडलर चालवतो. बॅकग्राउंड थ्रेडवरून साधी प्रॉपर्टी बदलली तर बाइंडिंग सांभाळून घेतं, पण ग्रिडला जोडलेल्या ऑब्झर्व्हेबल कलेक्शनमध्ये (बदल झाला की स्क्रीनला कळवणारी यादी) ओळ घातली की ॲप कोसळू शकतं. तिथे काम यूआय थ्रेडवर पाठवणाऱ्या डिस्पॅचरचा इन्व्होक स्वतःच लिहावा लागतो.

फक्त निरोपांसाठी अख्खं प्रिझम आणू नका. मेसेंजरचं पॅकेज छोटं आहे, लायसन्स एमआयटी. प्रिझम 9 पासून मात्र कम्युनिटी आणि कमर्शियल अशी दोन लायसन्स आहेत, तेव्हा कंपनीच्या ॲपसाठी अटी आधी वाचा.