टिळकवाडीतील क्रीडा-प्रशिक्षक वर्ग : शिकवणे उत्तम, टिपणे अपुरी

बेळगावच्या टिळकवाडीत रविवारी भरणाऱ्या क्रीडा-प्रशिक्षक वर्गाचा या वेळचा विषय अमेरिकन फुटबॉलमधील स्पेशल टीम्स प्रशिक्षकाची वाटचाल हा होता. लेले मैदानावर वेगळाच फुटबॉल पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या श्रोत्यांना तो परका वाटेल, ही शंका वर्ग घेणाऱ्या सरांनी लवकरच दूर केली. किक, पंट (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी लाथेने दूर मारणे) आणि असे चेंडू झेलून उलट धावत आणणे सांभाळणाऱ्या या प्रशिक्षकाला आक्रमण व बचाव अशा दोन्ही फळ्यांतले खेळाडू वापरावे लागत असल्याने जवळजवळ सगळा संघ त्याच्या हाताखालून जातो, हा मुद्दा त्यांनी जॉन हार्बॉ यांच्या उदाहरणाने पटवून दिला. हार्बॉ 1998 पासून फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन व्यावसायिक संघात हेच काम पाहत होते, 2007 मध्ये त्यांनी बचावफळीतील मागच्या खेळाडूंची जबाबदारी घेतली आणि 2008 मध्ये ते थेट बाल्टिमोर रेव्हन्स या दुसऱ्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. चित्रफीत थांबवून, साधारण 15 यार्ड मागे उभ्या पंटरकडे चेंडू पोहोचेपर्यंत कोण कोणाला अडवतो, हे सरांनी दाखवले. शुल्क तेवढ्यातच वसूल झाले.

महाविद्यालयीन संघातील कनिष्ठ साहाय्यकपदाच्या सुरुवातीच्या पायऱ्या मात्र घाईत उरकल्या. शिवाय छापील टिपणे केवळ इंग्रजी व कन्नडमध्ये असल्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतील क्रीडाशिक्षकांचा (आणि ते निम्म्याहून अधिक होते) बराच वेळ फळ्यावरचे उतरवून घेण्यात गेला.