कळंबोलीची क्रेन-सेवा: अवजड गाडी अडली तर कोणाला बोलवावे

कळंबोलीच्या लोखंड बाजारालगतच्या या क्रेन-सेवेविषयीचा अभिप्राय मी एक छोटा ट्रकमालक या नात्याने लिहीत आहे. जेएनपीटी बंदर, तळोजा एमआयडीसी आणि कळंबोली यांच्या दरम्यान पोलादी कॉइल आणि कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना क्रेनची गरज पडतेच. कधी सायन-पनवेल महामार्गावर क्लच बसतो, कधी उरण रस्त्यावर खड्ड्यात पाटा (चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग) तुटतो, तर कधी गव्हाण फाट्याच्या वळणावर ट्रेलर कलतो. मत आधीच सांगून टाकतो: दहा-बारा चाकी गाडी आणि ट्रेलर यांच्यासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवेन, कार किंवा छोट्या टेम्पोसाठी सुचवणार नाही, आणि बिलाच्या बाबतीत ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत असे म्हणेन.

फोन उचलणारा माणूस पहिल्या मिनिटात काय विचारतो, यावरून त्याला धंद्याची किती जाण आहे ते कळते. गाडी भरलेली आहे की रिकामी, किती चाकी, माल कोणता, तोंड मुंबईकडे आहे की पुण्याकडे, आणि शेवटी, गाडीत हवा आहे की उतरली, असे इथे विचारले जाते. हा शेवटचा प्रश्न नवख्याला विचित्र वाटेल. अवजड गाडीच्या एअर ब्रेकची रचनाच अशी असते की टाकीतील हवेचा दाब गेला की मागच्या चाकांवरचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात आणि गाडी जागच्या जागी खिळते. मग ती हलवायची तर बाहेरून हवा भरावी लागते किंवा एकेका ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग मागे घ्यावी लागते. या सेवेची माणसे हवेची नळी आणि लागणारे पाने सोबत घेऊनच येतात, त्यामुळे सामान आणायला पुन्हा कळंबोलीला माणूस धाडण्याचा प्रकार घडत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. टोचन करण्याआधी, म्हणजे बंद गाडी ओढून नेण्याआधी, ते प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) सोडवून गाडीतच बांधून ठेवतात. इंजिन बंद असताना मागची चाके रस्त्यावर फिरत राहिली तर गिअरबॉक्सच्या आतला मुख्य शाफ्टही फिरतो, पण त्याला तेल मिळत नाही, आणि मग पुढे गिअरबॉक्सचा मोठा खर्च निघतो. तोवर क्रेनवाला आपले पैसे घेऊन गेलेला असतो आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो. शाफ्ट सोडवायला वेळ लागतो, मागे वाहतूक खोळंबते, पोलीस घाई करतात. तरीही ही माणसे ते काम टाळत नाहीत.

त्यांच्याकडे हायड्रा, म्हणजे पुढच्या लांब हाताने (बूमने) वजन उचलणाऱ्या चाकांवरच्या क्रेन आहेत, पण त्या माल उतरवण्यासाठी आणि कललेली गाडी सरळ करण्यासाठी वापरल्या जातात. टोचनासाठी पुढचा अ‍ॅक्सल खालून उचलून धरणारी वेगळी गाडी आहे. हायड्राच्या बूमला ट्रक लटकवून भर महामार्गावरून नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, आणि ती धोक्याची आहे, कारण चालकाला समोरचे नीट दिसत नाही आणि वजन झोके घेते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अ‍ॅक्सलभाराची मर्यादा वाढवली, तेव्हा तीन अ‍ॅक्सलच्या साध्या ट्रकचे एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. रस्त्यावरच्या कित्येक क्रेन मात्र त्या जुन्या वजनांच्याच हिशेबातल्या राहिल्या.

या धंद्याकडे नीट पाहण्याची दृष्टी मला कॅनडातील एका घटनेने दिली, असे म्हटले तर क्रेनच्या अभिप्रायात ते विषयांतर वाटेल. पण तसे ते नाही. अमेरिकेतून परतणाऱ्या आणि लस न घेतलेल्या कॅनडाच्या ट्रकचालकांना विलगीकरण सक्तीचे करणारा नियम 15 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याच्या निषेधार्थ निघालेला ट्रकांचा ताफा महिनाअखेरीस राजधानी ओटावात पोचला आणि संसदेसमोरच्या वेलिंग्टन स्ट्रीटवर तळ ठोकून बसला. तेथील ट्रक वाहतूकदारांची मुख्य संघटना, कॅनेडियन ट्रकिंग अलायन्स, या आंदोलनाच्या विरोधात होती आणि बहुसंख्य चालकांनी लस घेतलीही होती. तरीही आंदोलनाला चेहरा मिळाला तो ट्रकचाच. पुढे कॅनडातील विंडसर आणि अमेरिकेतील डेट्रॉइट यांना जोडणारा अ‍ॅम्बेसेडर पूल फेब्रुवारीत आठवडाभर अडला. दोन देशांमधील सुमारे चतुर्थांश व्यापार ज्या पुलावरून चालत होता, तो बंद होताच मोटार कारखान्यांतील काम थंडावले.

आता क्रेनचा भाग येतो. ट्रक हटवायचे कोणी? पोलिसांकडे माणसे होती, हत्यारे होती. पण अवजड ट्रक उचलणाऱ्या गाड्या खासगी मालकांच्या, आणि त्यांतले बरेच जण यायला तयार नव्हते. काहींना धमक्यांची भीती होती, तर काहींना रोजच्या गिऱ्हाइकाची, कारण त्यांची कमाई याच ट्रकवाल्यांवर चालते. अल्बर्टा प्रांतात कूट्स येथील सीमानाका अडला, तेव्हा तर प्रांत सरकारला टोइंगच्या गाड्या स्वतः विकत घ्याव्या लागल्या. अखेर 14 फेब्रुवारी 2022 रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या सरकारने 1988 चा आणीबाणी कायदा इतिहासात पहिल्यांदाच वापरला. बँक खाती गोठवण्याच्या अधिकाराची जगभर चर्चा झाली. मात्र त्याच आदेशांत मोबदला देऊन टोइंगची सेवा सक्तीने घेण्याची तरतूदही होती. त्यानंतर काही दिवसांतच ओटावाचे रस्ते मोकळे झाले आणि 23 फेब्रुवारीला आणीबाणी मागे घेण्यात आली. न्यायमूर्ती पॉल रूलो यांच्या चौकशी आयोगाने 2023 मध्ये, काहीशा नाखुशीनेच, आणीबाणी लावण्यासाठीची कायद्याची अट पूर्ण झाली होती असे म्हटले. तर जानेवारी 2024 मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती रिचर्ड मोझली यांनी आणीबाणी लावण्याचा सरकारचा निर्णयच अवाजवी ठरवला.

लशीच्या नियमाविरुद्ध शहर वेठीस धरणे मला पटले नाही, हे स्पष्ट सांगतो. पण हवा सोडून दिलेला एक ट्रेलर रस्त्यात आडवा उभा राहिला की सरकारलाही शेवटी क्रेनवाल्याचाच दरवाजा ठोठवावा लागतो, हे ओटावात उघड झाले, आणि त्या क्रेनवाल्यांची कुचंबणा मी समजू शकतो.

आपल्याकडे महासाथीच्या काळात प्रश्न उलट होता. ट्रक हटवायचे नव्हते, चालवायचे होते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 खाली 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी आली आणि सुरुवातीला फक्त जीवनावश्यक माल सोडण्यात आला. केंद्रीय गृह मंत्रालयाने महिनाअखेरीस सर्व प्रकारच्या मालाला परवानगी दिली, तरी नाक्यानाक्यावरचा शिपाई पास मागतच राहिला. दोन चालक आणि एक मदतनीस चालतील, माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक अडवू नये, हे 15 एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहावे लागले, यावरूनच रस्त्यावर काय चालले होते ते कळावे. महामार्गावरील ढाबे आणि ट्रकदुरुस्तीची दुकाने यांचा उल्लेखही त्याच सूचनांत आला आणि ती सवलत 20 एप्रिलपासून लागू झाली. म्हणजे मधले जवळजवळ चार आठवडे ट्रक रस्त्यावर होते, टोलही माफ होता, पण गाडी बंद पडली तर पाना फिरवणारा हात आणि चहाचा कप कायद्याने बंद होता.

त्या काळात ही सेवा चालू होती. गॅरेज बंद असल्यामुळे ओढून नेलेली गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या यार्डात जागा देऊन सोडवला आणि त्याचे भाडे लावले नाही. ड्रायव्हरला जेवणाचा डबाही त्यांच्याच माणसांकडून मिळाला. संसर्गाच्या धास्तीने बंदराकडून आलेल्या गाडीजवळ कोणी उभे राहत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे, म्हणून तिचे मोल माझ्या लेखी अधिक आहे.

कॅनडाचे ते सारे वाचल्यावर मी या क्रेन-सेवेच्या मालकांना एकदा विचारले, "शेठ, उद्या इथे चक्का जाम झाला आणि पोलिसांनी तुम्हाला गाड्या ओढायला सांगितल्या, तर जाल का?" जानेवारी 2024 ची आठवण तेव्हा ताजी होती. जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये असलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीवरून देशभरातील चालकांनी स्टिअरिंग सोडले होते, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय कलम लागू करणार नाही असे केंद्राने सांगितल्यावर ते प्रकरण निवळले होते. मालकांनी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, "अपघाताची गाडी असेल तर साहेबांनी नुसती हाक मारली तरी जातो. ड्रायव्हरने स्वतः उभी केलेली गाडी ओढायची असेल तर लेखी आदेश द्या, बंदोबस्त द्या. उद्या तोच ड्रायव्हर घाटात अडकला की मलाच फोन करणार आहे." आपल्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम 65 मध्ये वाहने ताब्यात घेण्याचा आणि कलम 66 मध्ये त्यांचा मोबदला देण्याचा विषय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी मोबदला किती दिवसांत मिळतो एवढेच विचारले. प्रश्न रास्त होता.

तक्रारीचा भाग पैशांचा आहे. दर फोनवर सांगितला जातो, पण त्यात रात्रीचा वाढीव दर आणि वाहतूक पोलिसांनी थांबवून ठेवल्यास लागणारा खोळंबा-आकार धरलेला असतोच असे नाही. रक्कम, कोठून कोठपर्यंत, शाफ्ट सोडवण्याची मजुरी वेगळी की त्यातच, हे सारे क्रेन निघण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे; मागितले तर ते लिहून देतात, आपण होऊन देत नाहीत. पावती पहिल्यांदा कच्चीच मिळते. विमा कंपनी टोचनाचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंतच देते आणि त्यासाठीही जीएसटीचे पक्के बिल मागते, म्हणून पैसे देण्याआधीच पक्क्या बिलाचा आग्रह धरावा. कार्यालयातील एका गृहस्थांची बोलण्याची रीत तुसडी आहे. क्रेनवर येणारी पोरे त्यांच्यापेक्षा कितीतरी सभ्य आहेत. पावसाळ्यात नंबर तासन्‌तास व्यस्त लागतो, त्यासाठी तरी त्यांनी दुसरा फोन घ्यायला हवा.

अंतराचा हिशेब असा आहे. कामोठे, खारघर, तळोजा आणि पळस्पे फाटा या पट्ट्यात ते लवकर पोचतात. जेएनपीटीच्या बाजूला कंटेनरच्या रांगा असल्या तर उशीर होतो, पण निघाल्यापासून ड्रायव्हरला दर थोड्या वेळाने फोन करून कळवत राहतात. गाडी मुंब्रा बायपासवर अडली असेल तर त्यांची वाट पाहू नये, शिळफाट्याच्या बाजूची क्रेन जवळ पडते. द्रुतगती मार्गावर बंद पडल्यास आधी त्या मार्गाच्या मदत क्रमांकावर कळवावे, गाडी मार्गाबाहेर आली की मग यांना बोलवावे, आणि तोवर ड्रायव्हरने चावी व मालाची कागदपत्रे स्वतःजवळच ठेवावीत.