कुंथणे टाळण्यासाठी इसबगोल बरे की लॅक्ट्युलोज?

खाली उतरलेले गर्भाशय योनीमार्गे काढून मूत्राशयाची बाजू टाके घालून सावरली, की घरी जाताना प्रत्येकीला दोन गोष्टी बजावून सांगितल्या जातात: वजन उचलायचे नाही आणि कुंथायचे नाही. पहिली पाळायला घरची माणसे हातभार लावतात. दुसरी संडासाचे दार लावून एकटीलाच पाळावी लागते. कुंथताना पोटातला दाब ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो आणि दुरुस्तीही नेमकी तिथेच झालेली असते. पॉलिग्लॅक्टिनच्या विरघळणाऱ्या टाक्यांची ताकद तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते, त्यामुळे तेवढ्या काळात जखम किती निवांत राहते याला महत्त्व आहे. त्यातच ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर मलावरोधाला आमंत्रणच.

माझ्या डॉक्टरांनी इसबगोल आणि लॅक्ट्युलोज हे दोन्ही पर्याय पुढे ठेवले होते. माझा ओढा साहजिकच इसबगोलाकडे होता. ते आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते, स्वस्त असते आणि ते औषध आहे असे मनाला वाटतही नाही. मात्र त्याचे सारे काम पाण्यावर चालते. भुसा पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि मळाला आकार देतो. पाणी कमी पडले तर तोच आतड्यात घट्ट होऊन अडून बसू शकतो. म्हणून एक पेला मिश्रण आणि त्यावर आणखी एक पेला पाणी, हा नेम मोडून चालत नाही.

माझे अडले ते इथेच. रात्री झोपताना दोन पेले पाणी प्यायले, की मूत्राशयावर नुकतेच टाके पडलेल्या बाईला मध्यरात्री उठावे लागते, आणि त्या दिवसांत कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठणे हेच मोठे काम असते. सकाळी घ्यावे, तर थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि इसबगोल तिच्या शोषणात अडथळा आणू शकत असल्याने दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. दुपारी घेऊन पाहिले, तर पोट इतके भरल्यासारखे वाटे की जेवण जाईना. शिवाय ढवळता ढवळता पेल्यात त्याची खळ होते, ती वेगळीच कटकट.

लॅक्ट्युलोज हे आतड्यात न शोषले जाणारे साखरेचे द्रावण असून ते पाणी मळात ओढून धरते. पाणी याच्याबरोबरही पुरेसे प्यावे लागते, पण ते दिवसभरात विभागून चालते, झोपेच्या तोंडावर पेले रिचवावे लागत नाहीत. गुण यायला एक-दोन दिवस लागतात, चव गुळमट चिकट असते आणि सुरुवातीला पोटात वायू धरतो. पाहुणे भेटायला येतात त्या आठवड्यात हे फारसे सुखाचे नाही. माझ्या बाबतीत डॉक्टरांना विचारून मात्रा थोडी कमी केल्यावर तो त्रास निवला. पायाखाली छोटे स्टूल घेऊन कमोडवर बसल्यावर जोर लावावा लागत नाही, एवढे मला पुरेसे होते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, मळाचे प्रकार दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातील सात प्रकारांपैकी चौथा, म्हणजे मऊ, सलग आणि गुळगुळीत, हे माझे उद्दिष्ट होते. मात्रा जास्त झाली तर जुलाब होतात, आणि वरचेवर धावपळ करायला लागणेही टाक्यांना मानवत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी लॅक्ट्युलोजमध्ये थोड्या प्रमाणात असणाऱ्या इतर शर्करांबद्दल आधी विचारून घ्यावे. ज्यांची झोप गाढ आहे आणि सकाळी कुठलीही गोळी घ्यायची नाही, त्यांना इसबगोल अडचणीचे वाटणार नाही, कदाचित अधिक आवडेलही. दीर्घकाळ घ्यायचे म्हटले तर तंतूंचा फायदा त्याच्याकडेच आहे, आणि तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाल्यावर, पाण्याची सवय बसल्यावर मीही पुन्हा त्याकडे वळले. सुरुवातीचे आठवडे मात्र लॅक्ट्युलोजवरच काढावेत, असे मला आपले वाटते.