रणगाडा की शिपाई? लष्करी खेळणी जमवायला घेण्याआधी

टेबलावर आत्ता दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक तळहातावर मावेल एवढा ओतीव धातूचा रणगाडा. कडांवरचा रंग उडालाय, पण बुरूज अजून अलगद फिरतो. दुसरा पावणेचार इंचांचा प्लॅस्टिकचा शिपाई, उजव्या हाताला अंगठा नाही. वयाने रणगाडा थोरला, पण दोघांत जास्त थकलेला कोण म्हणाल तर शिपाई.

‘लष्करी खेळणी जमवायची आहेत, गाड्या घेऊ की ॲक्शन फिगर्स?’ असं कुणी विचारलं की मी उलट दोन गोष्टी विचारतो. (ॲक्शन फिगर म्हणजे हातपाय वळवता येणारा खेळण्यातला शिपाई.) कपाट किती खोल आहे? आणि बारीक वस्तू हरवायची सवय कितपत आहे? आवड नंतर बघू. या दोन उत्तरांवर निम्मा निकाल लागतो.

आधी जागेचं गणित. खरा शर्मन रणगाडा साधारण ५.८४ मीटर लांब. १:७२ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा केला तर, तो ८ सेंटीमीटरचा होतो, १:५० मध्ये पावणेबारा, १:३५ मध्ये साडेसोळाच्या थोडा पुढे, १:१८ मध्ये ३२ आणि १:६ मध्ये तब्बल ९७. आता सहा फुटी माणूस घ्या. १:७२ मध्ये अडीच सेंटीमीटर, १:१८ मध्ये दहा, १:६ मध्ये तीस. म्हणजे मोठ्या मापाची हौस फिगरवाल्याला झेपते, गाडीवाल्याला नाही. १:६ चा एक रणगाडा जेवढी जागा अडवतो तेवढ्यात वीस-पंचवीस शिपाई आरामात उभे राहतात. उलट १:७२ चे तीस रणगाडे एका फळीवर बसतील, पण त्या मापातला माणूस म्हणजे भिंग घेऊन बघायची गोष्ट.

अर्थात खेळणी बनवणारे मापात बिनधास्त लबाडी करतात. जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यातल्या शिपायांसाठी १९८५ मध्ये ‘यूएसएस फ्लॅग’ ही विमानवाहू नौका आली. लांबी सुमारे साडेसात फूट, घरातल्या पलंगापेक्षा मोठी. पण तिच्यावरच्या शिपायांच्या १:१८ मापाने ती खरोखर बनवली असती तर साडेअठरा मीटर झाली असती. त्यामुळे ‘सगळं एकाच मापात हवं’ असा हट्ट असेल तर खेळण्यांऐवजी मॉडेल किटकडे वळा. इथे नुसता त्रास होईल.

बाहुली म्हणा की

अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये साडेअकरा इंचांचा, म्हणजे १:६ मापाचा जी. आय. जो आणला, तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द पुढे केला. पुढे आयातशुल्काच्या वादात १९८९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की ही बाहुलीच. हा किस्सा हसण्यापुरता नाही. १:६ ची फिगर घेता तेव्हा तुम्ही खरोखर कपडे जमवत असता. बूट, पट्टा, टिचबटणं, हेल्मेटचा हनुवटीखालचा बंद, कमरेची पाण्याची बाटली. नुसतं अंग सापडणं सोपं, त्याच्या मूळ पोशाखातलं जाकीट सापडणं अवघड. सुई-दोऱ्याचा कंटाळा असेल तर या मापाच्या वाटेला जाऊ नका.

जी. आय. जोचाच पावणेचार इंचांचा शिपाई १९८२ मध्ये आला. त्याचे कपडे अंगावरच रंगवलेले, त्यामुळे शिवणकाम नाही. पण बंदूक, पाठीवरची पिशवी, हेल्मेट, हेल्मेटवरची पारदर्शक काच हे सगळं सुटं. ती काच नखाएवढी असते. शिपाई दहा मिनिटांत मिळतो, काच वर्षभर मिळत नाही. सुट्या वस्तूंशिवायचा शिपाई म्हणजे अर्धाच शिपाई, निदान जमवणाऱ्यांच्या हिशेबात.

ओतीव धातूच्या गाड्यांना ही कटकट कमी. चाकं, रणगाड्याच्या चाकांवरचे पट्टे, एखादी एरियल, बस्स. गाडीवाला सुट्या भागांऐवजी फरक जमवतो. तोच साचा, पण रंगाची छटा वेगळी, चाकांची धाटणी वेगळी, बुडावरची अक्षरं वेगळी. बाहेरच्या माणसाला तीन सारखे रणगाडे दिसतात आणि जमवणारा त्यांवर तासभर बोलतो. तुम्हाला हे आत्ताच कंटाळवाणं वाटत असेल तर उत्तर मिळालं, फिगर्स घ्या.

या दोन्हींच्या मधली जात म्हणजे १:१८ च्या प्लॅस्टिकच्या गाड्या. जागा गाडीची खातात आणि सुटे भाग फिगरसारखे हरवतात. क्षेपणास्त्रं, झाकणं, मशीनगन, वर स्टिकरचा अख्खा कागद. नवशिक्याने इथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोण कशाने जातो

खरी तुलना मला इथे वाटते, कारण विकत घेताना कुणी हे सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतीव खेळण्यांना जस्ताची कीड लागते. कीड म्हणजे किडा नव्हे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला की धातू आतून कुजू लागतो, फुगतो, त्याला बारीक तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. दमट आणि उबदार हवेत हे लवकर होतं. एका खेळण्याची कीड शेजारच्याला लागत नाही, ती भीती नको. पण जे लागलं ते बरं होत नाही. डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीने १९३७ मध्ये काढलेले रणगाडे धातूच्या साखळीचे पट्टे लावलेले, फार देखणे. घेताना मात्र तिरप्या उजेडात धरा. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या, बूड सपाट बसेना किंवा चाकांचा आस फिरताना जाम वाटला, तर हात जोडून परत ठेवा. युद्धानंतर मिश्रधातू शुद्ध झाला, म्हणून त्या काळातल्या गाड्या बहुतेक ठणठणीत आहेत. त्यांचं दुखणं म्हणजे रबरी पट्टे आणि टायर कडक होऊन तुटणं. ते बदलता येतात.

बॅटरीवर चालणारी गाडी असेल तर पहिल्यांदा बॅटरीचा कप्पा उघडा. पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर बॅटरी गळलेली आहे. अल्कलाइन बॅटरीचा थर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने निघतो, पण पत्रा खाल्ला गेला असेल तर मोटर चालेलच असं नाही. आणि शोकेसमध्ये ठेवलेल्या खेळण्यात बॅटरी कधीच ठेवू नये.

शिपायाचं मरण सांध्यांत. १९८२ च्या शिपायाचे पाय आणि धड आत एका काळ्या रबरी कडीने जोडलेले असतात. वीस-तीस वर्षांत ती वाळते आणि एक दिवस शिपाई कमरेतून दोन होतो. नवख्याला वाटतं मोडला. मोडलेला नसतो. पाठीतला एक स्क्रू सोडवा, छाती-पाठ वेगळी होते. पायांच्या मधल्या धातूच्या आकड्यात नवी कडी अडकवा, तिचं दुसरं टोक स्क्रूच्या खुंटीवरून घ्या, हात जागेवर बसवा आणि स्क्रू आवळा. पण बेताने, जास्त आवळला तर पाठीचं प्लॅस्टिक फुटतं. दहा मिनिटांचं काम, आणि नव्या कडीने शिपाई जोरात उभा राहतो. जमवणाऱ्यांच्या आयुष्यात याइतकं स्वस्त समाधान दुसरं नाही.

अंगठ्याचं मात्र काही करता येत नाही. माझ्या शिपायाचा अंगठा मीच तोडला. बंदुकीची मूठ जाड होती, मी घाईत होतो, ‘टक्’ झालं. तेव्हापासून हत्यार देण्याआधी हात मिनिटभर कोमट पाण्यात धरतो. प्लॅस्टिक नरमतं आणि मूठ सरळ आत जाते. ब्रिटनमध्ये पॅलिटॉय कंपनीने १९६६ पासून काढलेल्या ॲक्शन मॅन या शिपायाची कथाही अशीच. त्याला १९७३ मध्ये मऊ, पकड घेणारे हात दिले. कल्पना छान, पण मऊ बोटं काळाबरोबर ठिसूळ होऊन गळतात. बदली हात मिळतात, ते नवे आहेत हे मात्र लक्षात ठेवायचं.

साल आणि सोंग

दोन्हीकडे एक सापळा सारखाच आहे. बुडावर किंवा अंगावर छापलेलं साल बहुधा साच्याचं किंवा स्वामित्वहक्काचं असतं, ती विशिष्ट वस्तू बनवल्याचं नव्हे. ‘१९६४’ दिसलं म्हणून ते १९६४ चंच असं समजून जास्त मोजू नका.

ओळखीच्या खुणा वेगवेगळ्या. जुन्या साडेअकरा इंची जोच्या उजव्या अंगठ्याचं नख आतल्या बाजूला आहे. झालेली चूकच, पण पुढे नकला पकडायला तीच उपयोगी पडली. पावणेचार इंचांत १९८२ चे दंड सरळ, कोपराच्या वर न वळणारे. १९८३ पासून दंड फिरू लागले.

गाडीत सोंग असतं ते रंगाचं. पुन्हा रंगवलेला रणगाडा मूळ म्हणून खपवतात. उलटा करून बूड जोडणारे रिव्हेट बघा. ते कोरून काढलेले किंवा परत चिकटवलेले असतील, किंवा त्यांच्या जागी स्क्रू असेल तर गाडी उघडली गेली आहे. नवे पट्टे, नव्या बंदुका, नवे स्टिकर यांना माझी हरकत नाही, विकणाऱ्याने आधी सांगितलं असेल तर.

बंद खोक्याबद्दल थोडक्यात. गाडीचं खोकं नंतरही मिळू शकतं आणि गाडी बाहेर काढली तरी गाडीच राहते. शिपायाचं प्लॅस्टिक-पुठ्ठ्याचं पाकीट एकदा फाडलं की संपलं. बरं, न फाडताही आतली रबरी कडी वाळतेच. ज्याचा अर्धा आनंद पोझ देण्यात आहे त्याने बंद पाकिटं जमवणं मला तरी कळत नाही.

आणखी एक अडचण आधीच माहीत असू द्या. ‘मी फक्त शिपाई घेणार’ असं ठरवणारे १९८२ च्याच यादीत अडकतात. त्या वर्षी क्लच हा शिपाई व्हॅम्प जीपबरोबरच मिळायचा, स्टीलर मोबॅट रणगाड्याबरोबर आणि ग्रँड स्लॅम हॅल तोफेबरोबर. यादी पुरी करायची तर गाडी दारात येणारच. उलट फक्त धातूच्या गाड्या घेणाऱ्याला असा ओढा लागत नाही. त्याचं घर शांत असतं.

म्हणून जागा मोजकी, हात धांदरट आणि वाचनाची आवड असेल, तर युद्धानंतरच्या छोट्या ओतीव गाड्या घ्या. एक कंपनी किंवा एक मापच धरा. बसल्या बसल्या हाताला चाळा हवा असेल, रोज फळीवर नवं दृश्य मांडायचं असेल, तर पावणेचार इंची शिपाई, खोक्याबाहेरचे. त्यांच्या सुट्या वस्तूंसाठी झाकणाच्या छोट्या डब्या आधी आणा, शिपाई नंतर.

माझा बिनअंगठ्याचा शिपाई आता एका १:१८ च्या जीपमध्ये चालकाच्या जागी बसतो. हात स्टिअरिंगच्या मागे जातात, कुणाला काही दिसत नाही.