बिलात नवा फिल्टर, इंजिनावर रंगवलेला जुनाच

ट्रॅक्टरचा ऑईल फिल्टर किती तासांनी बदलायचा, असं विचारलं की बहुतेक जण इंजिन चालल्याचे २५० तास सांगतात. उत्तर बरोबरच आहे. मीही तेच पाळत होतो, तास वहीत लिहून ठेवत होतो, आणि तरीही एकामागून एक सर्व्हिसिंग होऊन माझ्या इंजिनावर तोच एक फिल्टर बसून राहिला. बिलात मात्र दर वेळी नव्या फिल्टरचे पैसे लावलेले. मेस्त्रीने केलेली चलाखी इतकी साधी आहे की ती कुणाच्याही ट्रॅक्टरवर चालेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर सकाळी सोडायचा आणि काम झालं की घेऊन यायचा, अशी आमची पद्धत होती. आणल्यावर मी काय बघणार? डीपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी. तेल पातळीला बरोबर, नवं, सोनेरी. ड्रेन नट पुसलेला, कुठे गळती नाही. आणि बाजूला फिल्टर, एकदम चकचकीत. तो चकचकीत होता कारण जुन्याच डब्याला डिझेलने पुसून वरून स्प्रेचा रंग मारलेला होता. तेल बदललं नाही तर डीपस्टिकवर लगेच कळतं, त्यामुळे तेलात त्याने कधीच हात मारला नाही. फिल्टर म्हणजे बंद डबा. त्याच्या आत कोण बघायला जातंय!

संशय आला तो ऑईलचा दाब कमी असल्याचं सांगणाऱ्या लाल दिव्यामुळे. इंजिन चालू केलं की हा दिवा लगेच विझायला हवा. माझा सकाळच्या पहिल्या स्टार्टला रेंगाळायला लागला. दिवसभर पुन्हा बंद-चालू केलं तर काही नाही, पण रात्रभर उभा राहिला की सकाळी परत तेच. मेस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, ‘ऑईल स्विच गेलाय.’ स्विच बदलला, त्याचंही बिल लागलं, दिवा होता तसाच रेंगाळत राहिला.

याचं कारण फिल्टरच्या आत असतं. डब्याच्या तोंडाशी, बारीक भोकांच्या वर्तुळामागे, रबराची एक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल मागे खाली उतरू नये म्हणून ती असते. तिला अँटी-ड्रेन व्हॉल्व्ह म्हणतात. गरम तेलात तासन् तास राहून ते रबर कडक होतं आणि नीट टेकत नाही. मग रात्रीतून डबा रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, त्यानंतर कुठे बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचतं. फिल्टर तोंड वर करून उभा बसवलेला असेल तर हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तेल डब्यातच राहतं. माझ्या ट्रॅक्टरवर तो आडवा आहे, म्हणून दिव्याने चुगली केली.

शेवटी चेन पान्हा लावून मी स्वतःच फिल्टर काढला. पान्ह्याखाली रंगाचे पोपडे निघाले आणि खाली आधीच्या पान्ह्याचे जुने ओरखडे दिसले. नव्या म्हणून बसवलेल्या डब्याला रंगाखाली ओरखडे कुठून येणार? रंगाचे शिंतोडे तोंडाकडच्या पत्र्यावरही होते. पण माझी खात्री पटली ती रबरी रिंगमुळे. नव्या फिल्टरची रिंग मऊ असते, पत्र्याच्या वर उठलेली असते आणि नखाने दाबली तर परत फुगते. ही दबून सपाट झालेली, कडक, आणि तिच्यावर इंजिनाच्या बैठकीचा ठसा स्पष्ट उमटलेला. मधल्या आट्यांत काळा गाळ बसलेला. रंग बाहेरून मारता येतो, रिंग परत फुगवता येत नाही.

मग तो डबा कापला. कुणी कापणार असाल तर करवतीने कापू नका. तिचा चुरा आत पडतो आणि इंजिनातला चुरा कोणता, करवतीचा कोणता, हे कळेनासं होतं. फिल्टर कापायचं गोल फिरणारं कटर मिळतं, ते वापरा. आतल्या कागदाच्या चुण्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, मध्ये काळं लोण्यासारखं काहीतरी भरलेलं, आणि एका बाजूने कागद आत दबून चेपलेला. अशा कागदातून तेल जात नाही. पण इंजिन कोरडं पडू नये म्हणून बहुतेक फिल्टरमध्ये, नाहीतर फिल्टर बसतो त्या बैठकीत, बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला की दाबाने तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढे सोडतो. म्हणून प्रेशरचा काटा बरोबर दाखवत होता, इंजिन रोटाव्हेटरला नेहमीसारखं ओढत होतं, आणि मी वेळेवर नवं तेल घालून समाधानात होतो. तेल फिरत होतं, गाळलं जात नव्हतं.

कागद पसरून उन्हात धरला तर बारीक चमक दिसली. लोहचुंबक फिरवला, काही कण चिकटले, काही नाहीत. न चिकटणारे पिवळट-लालसर कण बघून दुसऱ्या मेस्त्रीने विचार न करता चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवायला सांगितलं. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांचा वरचा राखाडी थर घासून आतलं तांबं दिसायला लागलं होतं. बेअरिंगं नवी टाकली. क्रँक, म्हणजे या बेअरिंगांत फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, वाचला, हे नशीब. अजून एक हंगाम तसाच गेला असता तर क्रँक घासून घ्यावा लागला असता, आणि तो खर्च कुठे जातो ते ज्याने केलाय त्याला विचारा.

जुन्या मेस्त्रीकडे कापलेला डबा घेऊन गेलो. आधी म्हणाला, पोराकडून राहिलं असेल. मग म्हणाला, दर वेळी फिल्टर कोण बदलतं, दोन वेळा तेल बदललं की एकदा फिल्टर, एवढं चालतं. यात गंमत अशी की हे बोलणं अगदीच बिनबुडाचं नाही. काही जुन्या इंजिनांच्या पुस्तकात एका तेलाआड फिल्टर असं लिहिलेलं असायचं. पण माझ्या पुस्तकात दर वेळी दोन्ही असं आहे, आणि त्याचं स्वतःचं बिलही तेच म्हणत होतं. एका तेलाआड बदलायचा होता तर पैसे एका बिलाआड लावायचे होते! यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटच्या फिल्टरचे पैसे त्याने परत दिले. आधीच्यांचं काही सिद्ध करता येईना, कारण जुने फिल्टर कधी मागून घेतलेलेच नव्हते.

आता तासांचं. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते, आणि ती टाळू नये, कारण नवे भाग एकमेकांवर बसताना जो चुरा निघतो तो या पहिल्या फिल्टरात येतो. पुढे बहुतेक ट्रॅक्टरना २५० तास. काही नव्या इंजिनांना, चेंबर मोठं असेल आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं तेल असेल तर ५०० तासही दिलेले असतात. जुन्या छोट्या इंजिनांना २५० पेक्षा कमी. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच खरं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा उचलू नका. सतत धुळीत काम, मळणीयंत्रावर तासन् तास एका जागी लोड, किंवा डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर हे अंतर कमी करायला पुस्तकातच सांगितलेलं असतं, बऱ्याचदा निम्म्यावर. आणि ट्रॅक्टर कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा तेल-फिल्टर बदलायचाच, कारण उभ्या इंजिनात ओल धरते आणि तेलात आम्ल तयार होतं.

अवर मीटरवरही थोडं लक्ष ठेवा. जुन्या पद्धतीचा, केबलवर चालणारा मीटर घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. ठरलेल्या आरपीएमला त्याचा एक तास म्हणजे खरा एक तास, पण इंजिन स्लोवर चालत असेल तर तो मागे पडतो. केबल तुटली असेल तर काटा हलतच नाही, आणि महिनोन् महिने ‘अजून तास भरले नाहीत’ म्हणत बसणारे लोक मी पाहिलेत.

याच फसवणुकीची उलटी बाजूही आहे. दुसऱ्या एका ठिकाणी डीपस्टिक बोटाला पुसून ‘तेल काळं पडलंय, लगेच बदला’ म्हणाले. डिझेल इंजिनाचं नवं तेल थोड्याच तासांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून तेल ठरत नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढली, तेल पातळ झालं आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. यातलं कुठलंही लक्षण दिसलं तर मात्र तास बघत बसू नका.

हल्ली फिल्टर मी स्वतः आणतो आणि काम चालू असताना तिथेच उभा राहतो. दुकानात खोक्यावरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळवतो. आटे जुळले म्हणजे फिल्टर चालतो असं नाही. दोन फिल्टरचे आटे सारखे असूनही बायपास उघडण्याचा दाब वेगळा असू शकतो. नकली मालही खूप आहे. तोंडाच्या भोकांतून काडीने हलकेच दाबून आत रबराची चकती लागते का बघतो. जिथे ती असायला हवी तिथे नसेल तर तो फिल्टर परत. रिंग सैल असेल, कडेचा पत्रा ओबडधोबड दुमडलेला असेल किंवा आट्यांत धातूचा चुरा असेल तरी परत.

बसवताना जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर आधी सगळं ठीक वाटतं आणि लोडवर दाब आला की तेल फेकतं. नव्या रिंगेला नव्या तेलाचा हात लावायचा, रिंग टेकली की पुढे हाताने साधारण पाऊण फेरा. पान्ह्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही. मग इंजिन स्लोवर चालू करून दिवा विझतो का, गळती आहे का बघायचं, आणि बंद करून थोड्या वेळाने पुन्हा डीपस्टिक बघायची, कारण नव्या डब्यात तेल भरलं की पातळी उतरते.

डब्यावर तारीख आणि तास पक्क्या मार्करने लिहून ठेवतो. पण त्यावरही रंग मारता येतो, म्हणून काढलेला जुना फिल्टर मी तिथे सोडत नाही. घरी आणून बुडाला भोक पाडतो, रात्रभर उलटा ठेवून राहिलेलं तेल वेगळ्या भांड्यात निथळू देतो आणि ते जळक्या तेलासोबत गोळा करणाऱ्याला देतो. जुना फिल्टर सोबत नेतो म्हटल्यावर एका गॅरेजवाल्याने कारण विचारलं होतं. मी सांगितलं. त्याने आतून एक पिशवी आणून दिली.