लॅब्राडोर: चार तारे, एक केसांपायी कापला

पाचपैकी चार. पाचवा कापला तो केसांसाठी, आणि त्यावर चर्चा नको.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तीन पिढ्या राहतो. मुलाने पिवळ्या लॅबचं पिल्लू आणायचं काढलं तेव्हा माझी अट एकच होती, सासूबाईंना त्रास व्हायला नको. आता बंड्या त्यांच्या पायांवर असा पसरतो की देवपूजेला उठायचं तर त्यांनाच त्याची मनधरणी करावी लागते. नातू त्याचे कान ओढतो, तो जांभई देतो. कुरिअरवाला आला की त्याला आमच्यापेक्षा जास्त आनंद होतो आणि त्या भरात शेपटीने टीपॉयवरचा चहा सांडतो. राखणीला कुत्रा हवा असेल तर दुसरी जात बघा.

ही जात ओळखायची म्हणजे तिची भूक ओळखायची. मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं, तिथे हे कुत्रे कोळ्यांना जाळी ओढायला मदत करायचे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या उमरावांनी त्यांना पाळलं आणि बंदुकीने पाडलेले पक्षी आणून द्यायला तयार केलं. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबची, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, मान्यता मिळाली. पक्षी तोंडात धरायचा पण चिरडायचा नाही, हे त्यांच्यात मुरलेलं. आमच्या चपला अजून दिवाणखान्यात येतात, ओल्या पण शाबूत.

खाण्याच्या बाबतीत मात्र संयम शून्य. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची हाव जास्त असते. बंड्याची तपासणी आम्ही केलेली नाही. मी पोळ्या लाटत असताना त्याचं तोंड बघा, तपासणीचे पैसे वाचतील.

याचा फायदा असा की शिकवणं सोपं. काकडीच्या एका चकतीवर ‘बस’, ‘थांब’ सगळं होतं. तोटा असा की घरातला प्रत्येक जण चोरून भरवतो. डॉक्टरांनी कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट पूर्ण बंद सांगितलं. मनुक्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. म्हणजे प्रसादाचा शिराही गेला. ‘मग बिचाऱ्याने खायचं तरी काय?’ हा सासूबाईंचा प्रश्न अजून रोज असतो. पूर्ण वाढलेला नर २९ ते ३६ किलोंचा. त्यापुढे गेला की भार खुब्याच्या सांध्यांवर, आणि ते या जातीत आधीच नाजूक. आम्ही गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या टाकल्या आहेत. दिवाणखाना लग्नाच्या हॉलसारखा दिसतो, इलाज नाही.

केस दुहेरी, आतला थर दाट. थंड पाण्यासाठी झकास, पुण्याच्या एप्रिलसाठी नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि अंधार पडल्यावरच फिरवतो, दुपारी तो बाथरूममध्ये पडून असतो. हे केस बारा महिने गळतात. काळ्या साडीवर, उशीवर, एकदा तर वरणात. रोज ब्रश केला तर कमी होतात, थांबत नाहीत. पावसाळ्यात गोचीड वेगळेच.

घेणारच असाल तर पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका आणि आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची, म्हणजे पैदास करणाऱ्याची, नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. ‘नोंदणीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडून उठून या. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना ही कामं मुलाच्या गळ्यात घाला, हौस त्याची आहे. आणि दिवसभर घराला कुलूप असेल तर लॅब घेऊच नका. एकटा पडला की हा सोफा खातो.