मुंबई ते पणजी: विमानाचा सव्वा तास आणि बाकीचे चार

मुंबई आणि पणजी या शेजारी राज्यांच्या राजधान्या. सरळ हवाई अंतर 400 किलोमीटरच्या थोडं वर, रस्त्याने 580 च्या आसपास. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात सव्वा तास दिसतो, त्यातलं प्रत्यक्ष उड्डाण पाऊण तासाचं. पण निर्णय या आकड्यावर घेऊ नका, घरापासून पणजीच्या दारापर्यंतचा हिशेब करा.

दादरहून निघालात असं धरू. विमानतळ गाठायला तास. सामान द्यायचं असेल तर काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतो, म्हणून दीड-दोन तास आधी पोहोचणं आलंच. उतरल्यावर बॅगेसाठी वीस-पंचवीस मिनिटं, मग पाऊण ते एक तासाचा रस्ता. बेरीज पाच-साडेपाच तास. पनवेल, उलव्याकडच्यांनी नवी मुंबई विमानतळावरून सुटणारी विमानंही बघावीत, सुरुवातीचा तास तिथे वाचतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र गोव्याच्या टोकाला होते. तिकीट शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलं की दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ येतात, आणि स्वस्त दिसेल ते घेतलं जातं. दाबोळीहून पणजी साधारण 27 किलोमीटर, झुआरी पुलावरून. पेडणे तालुक्यातलं मोपा जानेवारी 2023 पासून सुरू झालं, तिथून पणजी 35 च्या आसपास, म्हापशावरून. पणजीसाठी फरक किरकोळ, दोन्हीकडून कदंबच्या बसही आहेत. पण मुक्काम मडगाव-कोळवा भागात असेल तर मोपा टाळा, आणि सावंतवाडी-बांद्याला जायचं असेल तर मोपाच घ्या. परतीचं तिकीट दुसऱ्या विमानतळाचं नाही ना, हे तपासाच, कारण दोघांमध्ये 60 किलोमीटरहून जास्त रस्ता आहे.

आता रेल्वे. वंदे भारत सीएसएमटीहून पहाटे निघते आणि पावणेआठ तासांत मडगावला पोहोचते. पणजीसाठी मडगावपर्यंत जाऊच नये, थिवीला उतरावं. तिथून पणजी वीसेक किलोमीटर. दादरहून मोजलं तर एकूण आठ तास, म्हणजे विमानापेक्षा फक्त तीन जास्त, आणि तेही डोळ्यांसमोर कोकण ठेवून. दिवस वाचवायचा असेल तर कोकणकन्या उत्तम: रात्री अकरानंतर सुटते, झोपेत अंतर कापलं जातं आणि सकाळी करमळीला उतरलं की पणजी दहा-बारा किलोमीटरवर. वंदे भारत करमळीला थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

पावसाळ्यात गणित बदलतं. दरडींच्या धोक्यामुळे कोकण रेल्वे वेग कमी करते, त्या वेळापत्रकात वंदे भारतला दहा तासांच्या आसपास लागतात आणि ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. विमानंही ढग खाली आले की घिरट्या घालतात किंवा दुसरीकडे वळवली जातात. दिवसभर साचलेला उशीर संध्याकाळच्या फेऱ्यांना भोगावा लागतो, तेव्हा जून ते सप्टेंबर सकाळचंच विमान घ्या.

गाडीने बारा तास धरा. चौघं असाल आणि चिपळूण-कणकवलीला थांबायचं असेल तरच.

गणपतीत रेल्वेने जायचं असेल तर आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठलाच बसा. नवाला उरते ती प्रतीक्षायादी.